चष्मेवाल्याचं धुकं

बाजारपेठेच्या वळणावर, औषधाच्या दुकानाला खेटून एक चष्म्याचं दुकान आहे. दुकान इतकं अरुंद की दोन जाडी गिऱ्हाइकं एकदम आली तर एकानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. एका बाजूला फ्रेमा, समोर आरसा, आणि टोकाला पडद्याआड एक अंधारी खोली. खोलीत उंच खुर्ची, आणि खुर्चीसमोर लहान-लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. या दुकानाच्या मालकांना सगळे धुकेबुवा म्हणतात. हे नाव आईबापांनी ठेवलेलं नाही हे वेगळं सांगायला नको. ते कसं पडलं आणि अंगावर कसं उलटलं, त्याचीच ही हकिगत.

चष्मेवाला म्हणून बुवा सोळा आणे खरे. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या नाकावर खोटा नंबर चढवला नाही. मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून आपल्यालाही हवा, असं म्हणत डोळे चोळत आलेल्या कितीतरी पोरींना त्यांनी हात हलवत घरी पाठवलं होतं. "डोळे ठणठणीत आहेत. झोप वेळेवर आणि मोबाइल कमी," एवढं सांगायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. मळका चष्मा दिसला की मात्र बुवांचा पारा चढायचा. समोरच्याच्या नाकावरून तो ओढून काढायचे, दिव्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "हा चष्मा आहे की तव्याची मागची बाजू?" गल्ल्यामागे त्यांनी पाटीच लावली होती: चष्मा सदऱ्याने पुसू नये.

असा हा भिंगांचा भक्त सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जाऊन फोटो काढायचा. माणसांचे नाही. झाडं, पाणी, ढग, दऱ्या. आणि तेही पाऊस असताना.

तिथली हवा म्हणजे रुसकी नणंद. सकाळी गालातल्या गालात हसेल, चहा होईतो तोंड फुगवील, जेवणाआधी भांडं आपटून रडेल आणि तुम्ही निघालात की पुन्हा गोड बोलेल. शहाणी माणसं अशा हवेत खिडकी लावून बसतात. बुवा निघायचे. गुडघ्याएवढे बूट, पाठीवर पिशवी, खांद्यावर तिपाई, आणि त्या तिपाईला इलॅस्टिकनं बांधलेली छत्री. कॅमेऱ्याच्या डोक्याला बायकोची आंघोळीची प्लास्टिकची टोपी. पाऊस आला की छत्रीखाली कॅमेरा आणि पावसात बुवा. कॅमेऱ्याला सर्दी होऊ नये म्हणून स्वतः न्यूमोनिया घ्यायला तयार असलेला माणूस म्हणून वाटेवरचे गुराखी त्यांना ओळखायचे. धरणाच्या वरच्या कडेला तिपाई रोवून बुवा उजेडाची वाट बघायचे. उजेड यायचा तो नेमका बुवा शिंकत असताना.

घर दुकानाच्याच वर. घरी आल्यावर हे सगळं चिंब लटांबर आत आणायला बायकोची सक्त मनाई. "माझ्या फरशीवर तुमचा निसर्ग नको," ती दारातूनच सांगायची. म्हणून बूट, छत्री, पिशवी आणि त्या पिशवीतली लेन्स, सगळं जिन्याखालच्या कपाटात जायचं. हे कपाट बारा महिने ओलं. मागच्या भिंतीतून पाण्याचा नळ गेलेला, उजेडाचा कवडसा नाही. तिथं ठेवलेल्या बुटांना आठवड्याभरात पांढऱ्या मिशा फुटायच्या.

सुरुवातीची काही वर्षं बुवांचे फोटो स्वच्छ आणि मुळमुळीत यायचे. गावात फोटोवाल्या हौशी मंडळींचा एक क्लब होता. दर रविवारी संध्याकाळी दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तो भरायचा, कारण डॉक्टर अध्यक्ष होते आणि पडदा त्यांचा होता. किडलेल्या दाढेच्या भल्यामोठ्या चित्राशेजारी पडदा सोडायचा आणि एकेकानं आपले फोटो दाखवायचे. बुवांची दरी बघून डॉक्टर नाकावरचा चष्मा वर ढकलत म्हणायचे, "छान. पण खरं सांगू? माझ्या एक्स-रेमध्ये याहून जास्त भावना असतात."

मंडळी खो-खो हसायची. बुवाही हसायचे. घरी येऊन मात्र जेवायचे नाहीत.

मग हळूहळू त्यांच्या फोटोंत धुकं उतरायला लागलं.

आधी अगदी पुसट. झाडांच्या शेंड्यांना कुणी दुधाचा हात लावावा तसं. पुढं ते वाढलं, पाण्यावर पसरलं, दरीत भरलं. ढगामागून आलेला उजेड त्यात विरघळून सगळीकडे सांडायला लागला. एका रविवारी असाच एक फोटो पडद्यावर आला आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतून उठल्याच.

"थांबा! पुढचा लावू नका!"

"ही दरी नव्हे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. शाळेत त्या हळू बोलल्या की मोठी मुलंही रडायची. "ही दरीची आठवण आहे. यात विरह आहे."

"फोकस गेलाय," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही दात बघा."

खरं सांगायचं तर, बुवांनाही पहिल्यांदा वाटलं होतं, काहीतरी चुकलंय. फोटो काढताना डोंगरावर लख्ख ऊन होतं. सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण बाईंनी ज्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं, तसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. घरच्यांनी तर नाहीच. बुवांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि मान किंचित खाली घातली. मोठी माणसं घालतात तशी.

त्या दिवसापासून ते धुकेबुवा झाले.

पुढं सगळं ओघानंच आलं. केस मानेपर्यंत वाढले. गळ्यात मफलर आला. बोलणं सावकाश झालं. वाक्य सुरू करून बुवा खिडकीबाहेर बघायचे आणि समोरच्यानं ते आपल्या मनानं पुरं करायचं. क्लबात त्यांचं व्याख्यान झालं. "मी धुकं शोधायला जात नाही," बुवा म्हणाले. "ते असतंच." सभासदांनी हे लिहून घेतलं. दुसऱ्या रविवारी अख्खा क्लब त्यांच्या मागोमाग धरणाच्या कडेवर. तीच जागा, तीच वेळ, तिपाईला तिपाई लावून फोटो काढले. सगळ्यांचे फोटो धुतलेल्या ताटासारखे चकचकीत, आणि बुवांच्या एकट्याच्या फोटोत धुकं! डॉक्टरांनी पुढच्या खेपेला लेन्सवर हाहा करून वाफ सोडली. ती उडून गेली. मग त्यांनी व्हॅसलीन फासलं. त्यात एक पाकोळी येऊन चिकटली आणि पंख फडफडवत बसली. बाईंनी त्या फोटोला 'प्रामाणिक धडपड' म्हटलं. डॉक्टर महिनाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. त्या महिन्यात ज्यांनी दाढा काढून घेतल्या, त्यांचे हाल विचारू नका.

बायकोला या सगळ्याचं फारसं काही नव्हतं. ती दुकानात गल्ल्यावर बसायची, चष्म्यांचे बारीक स्क्रू पिळायची, सैल दांड्या घट्ट करायची. बुवांनी नवा फोटो पुढे धरला की हातातलं काम बाजूला ठेवून बघायची.

"छान आहे. कुठला?"

"धरणामागची दरी."

"मग दिसत कशी नाही?"

"ती दिसायची नसते."

"अस्सं. मग एवढं चढून जाता कशाला? इथंच चुलीपुढं बसून काढा. वाफ पण असते, चहा पण असतो."

"तुला त्यातलं कळत नाही."

"नाही बाई कळत," ती पुन्हा स्क्रूकडे वळायची. "पण दुकानात असलं काही बोलू नका. परवा त्या शिंपीणबाईंना म्हणालात, 'स्पष्ट दिसणं म्हणजे दिसणं नव्हे.' बिचारी जवळचा चष्मा न घेताच निघाली होती. सुईत दोरा काय विरहानं ओवणार?"

अशात गावात नवं ग्रंथालय बांधून झालं. आत शिरल्याबरोबर समोर एक मोठी कोरी भिंत होती. ग्रंथालयाच्या समितीवर मुख्याध्यापिकाबाईच अध्यक्ष. त्यांनी क्लबात जाहीर केलं की त्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, धरणामागच्या दरीचा एक फोटो लागेल. सगळ्यांनी एकाच सकाळी एकाच जागेवरून फोटो काढायचे, त्यातला एक निवडायचा. मग बुवांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "ही आपली रीत म्हणून. भिंत तुमचीच आहे."

बुवांना त्या रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर लोक त्यांच्या दुकानात आले ते काहीतरी दिसत नाही म्हणून. त्यांच्याकडे बघायला कधी कुणी आलं नव्हतं. आता गावातला प्रत्येक जण दारातून शिरताना मान वर करून त्यांचा फोटो बघणार होता, खाली नाव वाचणार होता. दुसऱ्या दिवशीपासून बुवांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, डोळ्यात बत्ती मारता मारता, भिंतीची बातमी दिली. ज्याच्या डोळ्यात बत्ती आहे तो उठून जाऊ शकत नाही.

ठरल्या सकाळी क्लब कडेवर जमला. नणंदेचा मूड तेव्हा कुणालाच सांगता येईना. आधी भुरभुर, मग सरी, मग पाच मिनिटं गारा, मग ऊन, मग उन्हातच पाऊस. डॉक्टरांच्या लेन्सला स्वतःचा रेनकोट होता. बाई छत्रीखाली शाल लपेटून उभ्या. बुवा रांगेत मधोमध, मफलर वाऱ्यावर.

मग एकाएकी पाऊस थांबला. ढगाला खिंडार पडलं आणि उन्हाचा एक पट्टा दरीत सरकत सरकत खाली उतरला. सगळ्या तिपायांवर खटाखट आवाज झाले. बुवांनीही बटण दाबलं, सवयीनं सावकाश श्वास सोडला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं.

त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ आणला.

सगळं दिसत होतं. झाड न् झाड. पानांवरचं पाणी. धरणाच्या भिंतीवरचं शेवाळ, विजेची तार, तारेवरचा पक्षी. पार खाली पहारेकऱ्याचं घर, घरापुढं दोरी, दोरीवर कपडे. बुवांनी पडदा पुसला. डोळे पुसले. आपला चष्मा काढून, सदऱ्याने नव्हे, रीतसर फडक्यानं पुसला. पुन्हा बटण दाबलं. या वेळी तर पक्ष्याची चोचही दिसली.

"अरे वा!" डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून डोकावले. "बुवा, आज धुकं सुट्टीवर का?"

बाई लगबगीनं आल्या, पडद्यात बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी बुवांच्या दंडावर हात ठेवला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"मन लागत नाही," बुवा कसेबसे म्हणाले.

"कळतंय. या फोटोत तुम्ही कुठंच नाही." बाईंचे डोळे भरून आले. "मी आठवडाभर निवड थांबवते. तुमची अवस्था परत येऊ दे."

बुवा घरी आले ते कुणीतरी घरातलं गेल्यासारखे. बूटही काढले नाहीत. तसेच फरशीवरून चालत येऊन खुर्चीत बसले. एरवी त्या चिखलाच्या ठशांवरून रामायण झालं असतं. बायकोनं त्यांचा चेहरा बघितला आणि गुपचूप चहा टाकला.

"काय झालं?"

"गेली."

"कोण गेली?"

"माझी नजर. नजर गेली माझी."

"अगं बाई! मग दुकानाचं काय?"

"तुला दुकान सुचतंय! हे बघ." बुवांनी कॅमेरा तिच्या हातात कोंबला.

बायकोनं पडदा जवळ घेतला आणि तिचा चेहराच फुलला. "अहो, किती सुंदर आलाय हा! ही बघा तार. आणि हे पहारेकऱ्याचं घर. मेल्यानं पँट उलटी वाळत घातलीय, खिसे बाहेर लोंबतायत. कसला लख्ख! बघा, फरक पडला की नाही?"

"कशाचा फरक?"

"मी तुमची काच साफ करून आणली ना."

चहा उकळून वर आला आणि सांडला. कुणी उठलं नाही.

बायकोनं सगळं सांगितलं. बुटांच्या मिशा पुसायला कपाट उघडलं होतं, तेव्हा पिशवीही उन्हात ठेवावी म्हणून लेन्स बाहेर काढली. चष्मेवाल्याची बायको, काच हातात आली की खिडकीकडे धरून बघायची सवय. बघते तर आत कोळिष्टक. फांद्याफांद्या, नक्षी काढल्यासारखी. तशीच ती कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेली. तो म्हणाला, "वहिनी, बुरशी आहे ही. चांगली जुनी, मुरलेली. मुद्दाम पोसली की आपोआप आली?" त्यानं उघडून साफ करून दिली. "तुमच्या वाढदिवसाला सांगणार होते," बायको म्हणाली. "एवढे चढता, भिजता, आणि फोटोत बिचारं काहीच दिसत नाही. मला वाईट वाटायचं हो."

बुवांच्या डोळ्यांपुढून सगळं सरकलं. बाईंचं उठून उभं राहणं. आपलं व्याख्यान. ते लिहून घेणारे सभासद. ज्याला मुख्याध्यापिकाबाई विरह म्हणत होत्या, तो बुटाच्या मिशांचा सख्खा भाऊ होता. आणि गावभर लोकांना मळक्या चष्म्यावरून झापणाऱ्या माणसानं इतक्या वर्षांत स्वतःची लेन्स एकदाही दिव्यासमोर धरली नव्हती.

"कुणाला बोललीस हे?"

"मी कशाला बोलू?"

"परत आण."

"काय परत आणू?"

"बुरशी!"

पुढचा आठवडा त्या घरात बुरशीची आराधना चालली. लेन्स न्हाणीघरात गेली. तिथून ओल्या मोज्यात गेली. मोजा बुटात, बूट कपाटात. सोबतीला म्हणून शिळ्या पावाचा तुकडा ठेवला. पाव हां-हां म्हणता हिरवागार झाला, मोज्याला वास यायला लागला, बुटांच्या मिशांना दाढ्यांची जोड मिळाली, आणि लेन्स तेवढी आरशासारखी स्वच्छ राहिली. बुवा डोळे तपासायची बत्ती घेऊन तासातासाला कपाटात शिरायचे.

"आली का हो?" बायको जिन्यावरून विचारायची. "दूध-बिध लागतं का तिला? लेकीला ताप असायचा तेव्हा एवढे उठला नव्हतात."

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? नाव काय ठेवायचं ते ठरवून ठेवते."

बुरशी काही आली नाही. शेवटी बुवा बाईंकडे गेले, खिडकीबाहेर बघत म्हणाले की नवा फोटो काढायला हात धजत नाही, जुनाच घ्या. बाईंनी रुमालानं डोळे टिपले. "कुठं थांबावं, हे फार थोड्यांना कळतं," त्या म्हणाल्या. कडेवरचा तो लख्ख फोटो बुवा पुसूनच टाकणार होते. पण बायकोनं त्याआधीच त्याची मोठी प्रत काढून आणली होती आणि ती अंधाऱ्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याशेजारी, खिळा ठोकून लावली. "तीच तीच अक्षरं वाचून लोक कंटाळतात," एवढंच तिनं सांगितलं. दुकानाच्या बाबतीत तिच्यापुढं बुवांचं काही चालत नसे.

ग्रंथालयाच्या उद्घाटनाला अख्खा गाव लोटला. पडदा सरकला आणि समोर छतापर्यंत धुकंच धुकं. एवढा मोठा केल्यावर आणखी एक गोष्ट दिसायला लागली होती: आकाशात बारीक, फिकट, फांद्याफांद्यांची जाळी. बाईंनी काठी उचलून ती जाळी सगळ्यांना दाखवली. "बघा, आकाशाला शिरा फुटल्या आहेत! जणू स्मृतीचं झाड!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बुवांनी मान किंचित खाली घातली.

"कपाटातली ना ती?" बायको कानाशी कुजबुजली.

"गप."

"ओळखीची वाटली म्हणून विचारलं."

हे सगळं इथंच मिटलं असतं. पण आठवड्याभरात दुकानात वेगळीच गर्दी सुरू झाली. डोळ्यांना काही न झालेले लोक डोळे तपासायला यायला लागले. उंच खुर्चीत बसून शेवटची ओळ घडाघडा वाचायचे आणि म्हणायचे, "पण धूसर दिसतं हो."

"कुठं?"

"ग्रंथालयात. पुस्तकातून मान वर केली की."

बुवा बत्ती विझवायचे. खोटा नंबर द्यायला हात उठेना आणि खरं सांगायला जीभ. "थकवा असेल," म्हणायचे. "उजेडाचा खेळ असतो." एकाला पाणी भरपूर प्यायला सांगितलं, एकीला गाजरं. लोक मान हलवत जायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचे. मग बोलवा उठली की नव्या ग्रंथालयातल्या दिव्यांनी डोळे जातात. आयांनी पोरांना तिथं जायला बंदी केली. वाचायच्या टेबलांवर धूळ साठली. बुवांच्या बुरशीनं पुस्तकांना हात न लावता अख्खं ग्रंथालय खाल्लं.

एका दुपारी निवृत्त पोस्टमनकाका आले. मुलीचा हात धरून. या माणसानं उभं आयुष्य गावातला प्रत्येक दरवाजा वाजवलेला. त्याला हात धरून आणलेला बघून बुवा गल्ल्यावरून उठलेच. काका खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात गच्च धरले.

"खरं सांगायचं," ते म्हणाले. "माझे वडील असेच गेले. आधी धुकं, मग काळोख. मी रोज सकाळी तिथं पेपर वाचायला जायचो. वर बघितलं की धुकं. गेले पंधरा दिवस घराबाहेर पडलो नाही. पोरगी म्हणते चला, पण मलाच भीती वाटते."

बुवांनी दिवा लावला. काकांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, शेवटची वाचली. खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. पडद्याआडून बायको म्हणाली, "काका, शेजारच्या फोटोत बघा. खाली ते घर आहे ना, त्याच्या दोरीवर काय आहे?"

काका पुढे झुकले. "पँट. उलटी आहे. खिसे लोंबतायत."

"काका, डोळे ठणठणीत आहेत," बुवा म्हणाले.

"मग तिथं धुकं का दिसतं?"

"ती... ती कला आहे, काका."

काकांचा चेहरा आणखीच उतरला. "कलेनं जातात का डोळे?"

बाहेर स्क्रू पिळायचा आवाज थांबला. पडद्याच्या फटीतून बुवांना बायको दिसत होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. गल्ल्यामागच्या पाटीकडे बघत होती. काकांची मुलगी एक जाड काचेची फ्रेम हातात धरून उभी होती. कुठलीही द्या, पण द्या, असा तिचा चेहरा. हो म्हटलं असतं तर भिंत राहिली असती, नाव राहिलं असतं, आणि म्हातारा नको असलेला चष्मा लावून काळोखाची वाट बघत बसला असता.

"काका," बुवा म्हणाले, आणि या वेळी बघायला खिडकीही शोधली नाही. "तुमच्या डोळ्यांत काही नाही. तो फोटोच धूसर आहे. भिंगात बुरशी होती."

"कुणाच्या?"

"माझ्या."

काकांनी खुर्चीचे हात सोडले. "म्हणजे चष्मा सदऱ्याने पुसला म्हणून मला तिकिटाच्या रांगेत, चारचौघांत झापलं होतं, ते तुम्हीच ना?"

"मीच."

"बरं," काका म्हणाले आणि मुलीचा हात न धरता चालते झाले.

ज्यानं जन्मभर घरोघरी बातम्या पोचवल्या तो ही कशी ठेवील? दिवे लागायच्या आत ती गावभर पोचली. बुवांनी मफलर खुंटीला लावला, केस कापून घेतले आणि रविवारी, क्लबातून हाकलून घ्यायच्या तयारीनं, दवाखान्यात गेले. सोबत तो लख्ख फोटो घेतला होता. जाता जाता एकदा पडद्यावर लावावा, एवढीच इच्छा.

बाई दारातच उभ्या होत्या. "बुरशी!" त्यांनी बुवांचे दोन्ही हात हातात घेतले. "म्हणजे निसर्गानंच निसर्गाचं चित्र काढलं! तुमचा त्यात काडीचाही हात नव्हता. किती निर्मळ!" भिंतीवरचा फोटो उतरवायचा प्रश्नच नव्हता. उलट खालच्या पाटीवर बुरशीबद्दल दोन ओळी वाढवायचं ठरलं आणि त्या मावाव्यात म्हणून बुवांचं नाव बारीक करायचं ठरलं. दिव्यांचा दोष नाही हे कळल्यावर आयांनी पोरांना पुन्हा ग्रंथालयात सोडलं, आणि पोरं आता पुस्तकं सोडून त्या जाळीत उंदीर, घोडे आणि मुख्याध्यापिकाबाई शोधतात.

बुवांनी कपाटापासून पावापर्यंत सगळं सांगून टाकलं आणि आपला लख्ख फोटो पडद्यावर लावला. उन्हाचा पट्टा, ओली झाडं, तार, पक्षी. मंडळींनी तो सभ्यपणे बघितला.

"छान आहे," कुणीतरी म्हणालं. "पण यात सगळं दिसतंय हो."

सोमवारी दुकान उघडतंय तोच दाताचे डॉक्टर आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मागेपुढे बघत आत शिरले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बुवा, ते तुमचं कपाट... एखादा कप्पा मोकळा आहे का?"

बायकोनं स्क्रूवरची नजर न काढता उत्तर दिलं, "खालचा आहे, डॉक्टर. बूट जरा सरकवा. पाव घरून आणायचा."

"आणलाय," डॉक्टर म्हणाले आणि टॉवेल उलगडायला वाकले. त्यांच्या नाकावरचा चष्मा बरोबर बुवांच्या तोंडासमोर आला. त्यावर बोटांचे ठसे, पावसाचे डाग, कसलीशी पेस्ट. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बुवांच्या अंगात जुना पारा सळसळत वर चढला.

"हा चष्मा आहे की तव्याची मागची बाजू?" ते कडाडले. "आधी तो इकडे द्या!"

डॉक्टरांनी चष्म्यावर हात ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

"राहू दे," ते म्हणाले. "सवय करतोय."